खवल्यांच्या पाकिटांबद्दल आभार

आदरणीय आजी,

शोधप्रबंधाला आभाराचं एक पान असतं. त्यात विद्यापीठ येतं, मार्गदर्शक येतात, निधी देणारे येतात आणि सगळ्यांच्या शेवटी 'नदीकाठच्या मासेमारांचे आभार' अशी एक ओळ येते. माझ्याही प्रबंधात ती आहे, त्या पानावर त्याहून जास्त मावत नाही. राहिलेलं इथे लिहितेय, तेही मराठीत, कारण मोकळेपणानं मला हीच भाषा लिहिता येते. तुमची नात फोनवर भाषांतर करून वाचून दाखवेल. पत्र सगळ्यांसमोर ठेवतेय, कारण सॅमन म्हटलं की माझ्या ओळखीच्या लोकांना हॉटेलच्या बशीतला गुलाबी तुकडाच आठवतो. त्या तुकड्याचाही तुमच्या नदीशी संबंध आहे, तो पुढे सांगते.

ताना नदी मी नकाशावर शंभरदा पाहिली होती. तुम्ही तिला तुमच्या सामी भाषेत देआत्नू म्हणता, समोरच्या फिनिश काठावर ती तेनो होते. कारास्योहका आणि अनारयोहका या दोन नद्या मिळतात तिथून तिचं नाव सुरू होतं. मग नॉर्वे आणि फिनलंडची हद्द होऊन ती उत्तरेकडे जाते, शेवटचा टप्पा नॉर्वेतून वाहते आणि तानाफ्योर्डमधून बारेंट्स समुद्राला मिळते. सत्तराव्या अक्षांशाजवळची नदी, १६,००० चौरस किलोमीटरहून मोठं पाणलोट आणि मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही. एवढं मला पाठ होतं. पण नदीच्या नावाखाली मी प्रत्यक्षात बघत होते ती सूक्ष्मदर्शकाखालची खवली.

तुम्ही मला होडीत बसवलंत. लांब, अरुंद, लाकडी होडी. मागे तुमचा मुलगा मोटर धरून, पुढे तुम्ही. जूनचा शेवट होता, रात्रीचे अकरा वाजले तरी ऊन डोळ्यांत जात होतं आणि डासांनी माझा ताबा घेतला होता. (तुम्हाला ते चावत नव्हते. याचं शास्त्रीय कारण मला अजून सापडलेलं नाही.) वाळूचे पट्टे दर वर्षी बर्फ फुटल्यावर जागा बदलतात, म्हणून मुलगा पाण्याच्या रंगावरून वाट काढत होता. तुम्ही हातानं दाखवत होतात: या खडकामागे मोठे मासे दम खातात, या वळणावर आजोबा तिकाट्या ठोकून, बर्चच्या फांद्यांचा आडोसा करून जाळं लावायचे, इथून पुढे नुसती वाळू, इथे मासा थांबत नाही. काठावरच्या विलोच्या झुडपांत एक मूस हरणाची मादी पिल्लाला घेऊन उभी होती. तिच्याकडे तुम्ही बघितलंही नाहीत.

टेकड्यांवरचे उभे वाळलेले बर्च पाहून मी विचारलं तेव्हा तुम्ही १९६० च्या दशकातल्या पतंगांच्या साथीबद्दल सांगितलंत. अळ्यांनी डोंगरच्या डोंगर निष्पर्ण केले होते, आणि काही उतारांवर जंगल पुन्हा उभं राहिलंच नाही. खाली नदीच्या मुखाबद्दलही तुम्हीच सांगितलंत. तिथे ओहोटीला वाळूचे विस्तीर्ण सपाट पट्टे उघडे पडतात आणि उन्हाळा सरताना मासेखाऊ मर्गॅन्सर बदकांचे नर हजारोंनी जमतात. ते युरोपच्या दूरदूरच्या भागांतून येतात, पिसं झडून नवी येईपर्यंत उडू शकत नाहीत, आणि तोवर तिथल्या मासळीवर राहतात. सीलही तिथेच टपून असतात. समुद्रातून परतणाऱ्या सॅमनला आधी त्यांच्या नजरेखालून यावं लागतं.

मला खरा धक्का बसला तो उपनद्यांपाशी. तानाच्या खोऱ्यात सॅमनचे तीसेक वेगवेगळे समूह आहेत हे आम्हाला डीएनए तपासून कळलं. इएसयोहकाचा मासा इएसयोहकातच अंडी घालायला जातो, मास्केयोहकाचा मास्केयोहकात. तुम्ही चुलीपाशी बसून, कॉफीत चीजचे तुकडे टाकत, हेच सहज बोललात: अमुक ओढ्याचा मासा आखूड आणि जाड, तमुकचा लांबोडका, हा आधी येतो, तो उशिरा. आमची यादी आणि तुमची यादी मी नंतर शेजारी ठेवून पाहिली. पुष्कळ जुळते.

आता पाकिटांबद्दल. १९७२ पासून तानाच्या दोन्ही काठांवरचे लोक पकडलेल्या माशाची थोडी खवली काढून कागदी पाकिटात ठेवायचे आणि वर तारीख, जागा, लांबी, वजन, जाळं की गळ हे लिहून संशोधकांना द्यायचे. अशी लाखाच्या वर पाकिटं जमली आहेत. माशाच्या खवल्यावर वाढीची वर्तुळाकार कडी असतात. नदीतली वर्षं दाटीवाटीची, समुद्रातली ऐसपैस, हिवाळ्यात कडी जवळ सरकतात. अंडी घालायला आलेला मासा खात नाही, तेव्हा खवल्याची कड झिजते आणि तो व्रण कायमचा राहतो. यावरूनच कळलं की तानाचे मासे आयुष्य शंभराहून अधिक प्रकारे जगतात. कोणी नदीत तीन वर्षं काढतो, कोणी सहा. कोणी एकच हिवाळा समुद्रात राहून परततो, ज्याला तुम्ही दिद्दी म्हणता, तर कोणी तीन-चार हिवाळ्यांनी अजस्र होऊन येतो. १९२८ साली याच नदीत गळाला लागलेला ३६ किलोचा सॅमन अजूनही विक्रमी मानला जातो.

वाळलेल्या खवल्यातून डीएनएसुद्धा निघतो. २०१५ साली एका जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला, ज्याच्यावर मासा लवकर वयात येणार की उशिरा हे बऱ्याच अंशी ठरतं. मग तुमच्यासारख्यांच्या जुन्या पाकिटांतून दिसलं की तानात उशिरा वयात येणाऱ्या, म्हणजे मोठ्या होणाऱ्या माशांचा वारसा चाळीसेक वर्षांत घटत गेला. २०२२ च्या अभ्यासात कारणांचा माग काढला, तेव्हा बोट समुद्राकडे गेलं. सॅमन ज्यावर वाढतो त्या कॅपेलिन माशाची समुद्रातली प्रचंड मासेमारी मोठ्या सॅमनला मारक ठरत होती. कॅपेलिनचं पीठ आणि तेल मत्स्यशेतीच्या खाद्यात जातं, आणि हॉटेलातला गुलाबी तुकडा येतो तो मत्स्यशेतीतून. नदीतल्या जाळ्यांच्या मासेमारीचा परिणाम याच्या उलट दिशेनं होता. मासे एकूण कमी झाले त्यात नदीतल्या मासेमारीचा हात नाही, असं याचा अर्थ लावता येणार नाही, मी लावणारही नाही. पण मोठे मासे का आटले याचा सगळा दोष तुमच्या काठावर टाकणाऱ्यांनी हा निबंध वाचायला हवा. आणि तो लिहिता आला, कारण तुमच्या स्वयंपाकघरात पेन आणि पाकिटं एका डब्यात हाताशी असायची.

२०२१ पासून तानात सॅमन धरायला बंदी आली. तुमचा मुलगा त्या विषयावर गप्प होतो, तुम्ही होत नाही. शेकडो वर्षं ज्या कामाभोवती गाव, होड्या, शब्द, उन्हाळा सगळं फिरत होतं ते थांबलं, आणि त्याच वेळी विषम वर्षांत प्रशांत महासागरातला 'गुलाबी सॅमन' हा वेगळ्या जातीचा मासा झुंडीनं नदीत शिरू लागला. सोव्हिएत काळात तो कोला द्वीपकल्पाकडच्या नद्यांत सोडला होता, तिथून पसरला. अंडी घालून तो सगळाच्या सगळा मरतो आणि काठ कुजतो. बंदी लागली नसती तर चाललं असतं असं मला म्हणवत नाही, आकडे फार खाली गेले होते. पण बंदीबरोबर पाकिटंही थांबली, आणि ती उणीव दुसऱ्या कशानं भरेल असं मला वाटत नाही.

निघताना तुम्ही एक प्रश्न विचारला होतात: आजोबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात धरलेला तो मोठा मासा, तो किती वर्षांचा होता? पाकिट सापडलं. अक्षर तुमचंच आहे, लांबी १२१ सेंटिमीटर, जागा पोलमाक गावाच्या वरची. चार वर्षं नदीत, मग तीन हिवाळे समुद्रात, मग अंडी घालायला परत आली. (हो, ती मादी होती.) अंडी घालून तो हिवाळा नदीतच काढला, मग पुन्हा समुद्रात गेली, तिथे एक हिवाळा काढून दुसऱ्यांदा वर येत असताना तुमच्या जाळ्यात आली. सगळं मिळून नऊ वर्षांची. खवल्याचा मोठा केलेला फोटो टपालानं पाठवलाय. बाहेरच्या कडेपासून थोडं आत जो दातेरी व्रण दिसतो, तो पहिल्या खेपेचा.

तुमची,
खवली मोजणारी पोरगी