उन्हाचा अंदाज कळला, वणव्याचे काय?

महोदय,

मार्च ते मे या तीन महिन्यांत पारा सरासरीपेक्षा वर राहणार, ही हवामान विभागाच्या अंदाजाची बातमी आपल्या अंकात वाचली. सोबतची चौकटही वाचली. भरपूर पाणी प्या, दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, डोक्याला रुमाल बांधा. सगळे बरोबर आहे. पण आमच्याकडे या दिवसांत माणसाआधी डोंगर तापतो आणि पेटतो. त्याबद्दल चौकटीत अवाक्षर नाही.

मी एसटीत 31 वर्षे चालक होतो. शिमग्याच्या सुमारास रात्रीची कोल्हापूर गाडी घेऊन आंबा घाट चढताना समोरच्या डोंगरावर आगीची माळ दिसायची. मागचा एखादा प्रवासी जागा होऊन म्हणायचा, "ड्रायव्हरसाहेब, दिवाळी आहे काय हो?" खरे सांगतो, मलाही तेव्हा ती शोभाच वाटायची. निवृत्तीनंतर लांजा तालुक्यातल्या घरच्या जमिनीत, सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या माळाच्या) उतारावर, वेंगुर्ला जातीची 140 काजूकलमे लावली. मग ती माळ जवळून बघायची पाळी आली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चचा दुसरा आठवडा, काजूचा ऐन हंगाम. बांधापलीकडच्या चुलतभावाने सकाळी आठला भाजावळ लावली, म्हणजे भाताची रोपे करायची जमीन पालापाचोळा पेटवून भाजायला घेतली. त्याची चूक म्हणणार नाही. आमचे बापजादेही तरव्याची (भातरोपांची) जमीन अशीच सकाळी, दहिवर म्हणजे दव असताना भाजत आले. त्या दिवशी मात्र दहिवरच पडले नव्हते. चपलेखाली पातेरा, म्हणजे सुका पाला, पापडासारखा मोडत होता. नऊच्या सुमारास घाटावरचा वारा सुटला आणि ठिणगी पायवाट ओलांडून माझ्या गवतात आली. आम्ही सहा जण ऐनाच्या डहाळ्या घेऊन झोडपत होतो. सहांत पन्नाशीच्या आतला एकच. गवत विझते हो, पण काजूबी पेटली की तिच्या टरफलातले तेल तडतडत उडते. माझ्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. 63 कलमे गेली. अडीचच्या पुढे समुद्राकडचा वारा आला, आग उलटी जळक्या जमिनीवर फिरली आणि आपोआप बसली. तोच वारा रोजच्यासारखा बाराला आला असता तर जळाली त्यातली निम्मी कलमे तरी राहिली असती.

मुद्दा हाच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकण तापते ते पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले आणि समुद्रावरचे वारे उशिरा पोचले की. हे हवामान विभागच दरवर्षी सांगतो. किनारी भागात उष्णतेची लाट ठरवायची तर पारा 37 अंशांवर हवा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त हवा. माझी बाग जळाली त्या दिवशी लाट जाहीर नव्हतीच. वणव्याला 37 अंश लागत नाहीत. त्याला सुके गवत, कोरडी हवा आणि वारा पुरतो. गवताचे म्हणाल तर तीन हजार मिलिमीटरच्या पावसावर ते छातीइतके वाढते, आणि गुरे कमी झाल्यामुळे उभेच्या उभे वाळते.

फेब्रुवारी 2023 हा देशातला 1901 पासूनच्या नोंदींत दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला आणि लगेच मार्चमध्ये गोव्यात म्हादईचे अभयारण्य पेटले. नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती. आमच्या सड्यावर हेलिकॉप्टर येणार नाही, तशी अपेक्षाही नाही. उपग्रहावरून आगीची सूचना देण्याची सोय वनविभागाकडे आहे, पण ती आग लागल्यावरची. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावालाच, डोंगर बहुतेक खासगी. तिथे जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, कोण काढणार? नुकसानीचा पंचनामा आठव्या दिवशी झाला. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आंब्याला अवेळी पाऊस, जास्त तापमान, वारा हे धोके आहेत. वणवा नाही. म्हणजे उन्हाचा विमा आहे, आगीचा नाही.

गंमत अशी की विम्यासाठी महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रे बसवलेली आहेत. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस सगळे तिथे नोंदले जाते. तीच माहिती बघून आदल्या संध्याकाळी 'उद्या भाजावळ करू नये' एवढा निरोप ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅपवर टाकता येणार नाही का? समुद्रात जाऊ नये असा इशारा मच्छीमारांना मिळतो आणि ते होड्या वर ओढून ठेवतात. शेतकरीही ऐकेल. आणि जानेवारीत, गवत पडायच्या आत, रोजगार हमीतून सड्यावर जाळरेषा कापून घ्याव्यात. आपणही रोजच्या हवामानाच्या रकान्यात कमाल-किमान तापमानाखाली वणव्याची एक ओळ छापावी.

यंदा पायवाटेच्या कडेने बारा फूट रुंदीचे गवत आम्ही दोघांनी मिळून कापले. हो, त्याच चुलतभावाने आणि मी. त्याची भाजावळ अजून व्हायची आहे. रोज सकाळी तो बांधावर उभा राहून विचारतो, "आज भाजू काय?" मी खाली वाकतो, मूठभर पातेरा चुरगळून बघतो आणि कायतरी सांगतो.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
ता. लांजा, जि. रत्नागिरी
(भावकीतला विषय असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)