प्रवेशिका पाठवण्याआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आर्किटेक्चरच्या स्पर्धेचं सांगितलं तेव्हा बाबांनी एका दमात विचारलं, की आपणच फी भरायची आणि आपणच आपलं कौतुक करायला सांगायचं, हा काय प्रकार आहे. आईचा प्रश्न वेगळा होता. एवढी मोठी कामं हातून झाली असताना दवाखान्याबाहेरची ती बसायची जागाच का पाठवतेस? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर गडबडीत काहीतरी बोलून गेले असते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी बाबांचं. तुमच्या डोळ्यांसमोर आहे ती कागदावरच्या डिझाइनची स्पर्धा. तशा स्पर्धाही असतात. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी १९८१ साली १,४२१ प्रवेशिका आल्या होत्या. कोणाचंही नाव नाही, नुसते क्रमांक. परीक्षकांनी १०२६ क्रमांकाची प्रवेशिका निवडली आणि मग कळलं की ती माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची आहे. तिचं तोवर काहीच बांधून झालेलं नव्हतं. अशा स्पर्धेत कल्पना जिंकते आणि बांधकाम नंतर होतं.

आमची स्पर्धा याच्या उलट आहे. काम बांधून झालेलं हवं, लोक ते वापरत असायला हवेत, आणि ते आमच्या विभागातलं हवं. प्लॅन, सेक्शन (म्हणजे इमारत उभी कापली तर आत कशी दिसेल त्याचं चित्र), फोटो आणि तीनशे शब्दांचा मजकूर पाठवायचा. त्यातून काही कामं शॉर्टलिस्ट होतात आणि परीक्षक ती प्रत्यक्ष जाऊन पाहतात. हा शेवटचा भाग माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे. ब्रिटनमध्येही अशीच उतरंड आहे. आधी विभागीय पुरस्कार, त्यातून राष्ट्रीय, आणि त्यातून १९९६पासून दिला जाणारा स्टर्लिंग पुरस्कार. नाव गाजतं ते शेवटच्या पायरीचं. पण इमारतीची खरी पारख पहिल्या पायरीवर होते असं मला वाटतं, कारण तिथला परीक्षक त्याच हवेत राहणारा असतो. पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो, कोणती वीट मिळते आणि कोणती मिळत नाही, मंजुरीच्या नियमांत कुठे अडायला होतं, हे त्याला सांगावं लागत नाही. आमचं छत खांबांच्या पुढे बरंच बाहेर आलं आहे. फोटोत ते कुणाला आमची हौस वाटेल. इथला माणूस मात्र दुपारच्या उन्हात त्याखाली उभा राहिला की सावली कुठवर पोचते ते बघेल आणि त्यावरून आमचं बरोबर की चूक ते ठरवेल. मला अशाच माणसाचं मत हवं आहे. फी त्यासाठी भरते आहे, बाबा. निवड झाली तर पुढची कामं मिळायला मदत होईल, हेही खरं आहे आणि ते मी लपवत नाही. आमच्यासारख्या लहान ऑफिसला त्याची गरज आहे.

आता आईचं. मोठी कामं पाठवता आली असती. ऑफिसमध्ये यावर बरीच चर्चाही झाली. त्या कामांचे फोटो देखणे आहेत, यात शंका नाही. पण त्यांतले निम्मे निर्णय माझे नव्हतेच, बजेटने आणि मालकांच्या आवडीने घेतलेले होते. ही बसायची जागा मात्र बाकाच्या कडेपर्यंत आम्ही विचार करून बांधली आहे. आणि तिथे रोज सकाळी दुखणाईत माणसं आणि त्यांचे नातेवाईक तास-दीड तास बसतात. वास्तुकलेची गरज यांना नाही तर कुणाला?

त्या बाकाविषयी थोडं सांगते, कारण चित्रात ते कळत नाही. बाकाची उंची साधारण ४५ सेंटीमीटर ठेवतात. आम्ही ४८ केली. तीन सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना तेवढ्यानेही बराच फरक पडतो. दर दोन माणसांमागे हात ठेवायला लाकडी दांडा दिला आहे, आणि तो बैठकीच्या कडेपर्यंत पुढे आणला आहे, कारण उठताना माणूस आधी पुढे सरकतो आणि मग हातावर जोर देतो. दांडा मागेच संपला तर त्याचा उपयोग नाही. सगळ्यात जास्त वाद झाला तो बाकाच्या खालच्या जागेवरून. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं होतं की खाली वीटकाम करून फरशी लावून टाकू, मजबूत होईल आणि झाडायलाही सोपं. पण उठताना आपण पाऊल मागे, बैठकीच्या खाली घेतो. तिथे भिंत असेल तर टाच आपटते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून बाक भिंतीतून ब्रॅकेटवर बाहेर काढला आणि खालची जागा मोकळी ठेवली. झाडायलाही तेच सोपं पडतं, हे आता तिथल्या सफाईवाल्या बाई सांगतात.

फरशीला पॉलिश केलेलं नाही. चकचकीत फरशीवर उजेड पडला की अधू डोळ्यांना ती ओली वाटते, आणि माणूस बिचकत पाय टाकतो. आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तू बँकेच्या दारात थांबून राहायचीस, आठवतं? पुसलंय का गं, म्हणून मला विचारायचीस. फरशीचे नमुने निवडताना माझ्या डोक्यात तेच होतं.

फोटोंवरूनही ऑफिसात दोन तट पडले. आर्किटेक्चरचे फोटो बहुतेक वेळा रिकाम्या जागेचे काढतात. संध्याकाळची निळी वेळ, आतले दिवे लागलेले, चिटपाखरू नाही. फोटोग्राफरने तसे काढले आणि ते सुंदर आले आहेत. पण ही जागा संध्याकाळी बंद असते! मी सकाळी गर्दीच्या वेळचे फोटो काढायला लावले. बसलेल्यांची परवानगी घेतली, आणि तरीही चेहरे येणार नाहीत असे, पाठीमागून घेतले. दवाखान्यात आलेल्या माणसाचं दुखणं आपल्या प्रदर्शनात का यावं?

आता नावांचं. अर्जात आर्किटेक्ट, मालक, स्ट्रक्चरल इंजिनीअर, कॉन्ट्रॅक्टर आणि फोटोग्राफर यांच्यासाठी रकाने आहेत. गवंडी आणि सुतार यांच्यासाठी नाही. हे मला पटत नाही. आगाखान वास्तुकला पुरस्कार १९७७ साली स्थापन झाला आणि दर तीन वर्षांनी दिला जातो. त्यांचे तज्ज्ञ जागेवर जाऊन काम तपासतात, आणि बक्षिसाची रक्कम दहा लाख डॉलर असली तरी मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की आर्किटेक्टबरोबर बांधणारे, कारागीर आणि काम करून घेणारे यांचीही दखल घेतली जाते. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीला १९९५ साली तो मिळाला. तिथे बहुतेक कुटुंबांना जोतं, पाणी आणि संडास-न्हाणीची सोय दिली होती, आणि पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवत नेलं. म्हणजे जे गौरवलं गेलं ते पुष्कळसं तिथे राहणाऱ्यांनीच बांधलेलं होतं. दोशींना २०१८ साली प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वांत मानाचा समजला जाणारा पुरस्कार मिळाला तेव्हा ते नव्वदीत होते आणि सगळीकडे त्यांचे फोटो झळकले. मला मात्र त्यांचं आठवतं ते अरण्यच.

म्हणून रकाना नसला तरी मी आमच्या गवंड्यांची आणि सुतारांची नावं तीनशे शब्दांच्या मजकुरातच घातली आहेत. त्यासाठी छताच्या रचनेवरची दोन वाक्यं काढावी लागली. ऑफिसमधल्यांना ते फारसं रुचलेलं नाही. पण छत तर परीक्षकांना ड्रॉइंगमध्ये दिसेलच. ब्रॅकेटच्या वर दांड्याचा जोड असा बसवला आहे की एक खिळा दिसत नाही आणि हात फिरवला तर कुठे कूस लागत नाही. तो जोड आमच्या सुतारांनी मला शिकवला, मी त्यांना नाही. त्यांचं नाव राहून गेलं तर मजकूर खोटा होईल.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. मजकुरात ‘रचनेमागची प्रेरणा’ लिहायची असते. तिथे लोक भारदस्त लिहितात, अवकाश, संवाद, परंपरा वगैरे. मीही तसं लिहून पाहिलं, पण वाचताना ते माझं वाटेना. खरं काय ते हे, की बाबांना जेवणानंतर खुर्चीतून उठताना मी इतकी वर्षं पाहिलं आहे. आधी पुढे सरकणं, मग पाय मागे घेणं, मग हाताला आधार शोधणं. मदत केलेली तुम्हाला आवडत नाही, म्हणून मी नुसती बघत राहते. बाकाची सगळी मापं तिथून आली आहेत. तेव्हा मी एवढंच लिहिलं आहे: “बाकाची उंची आणि हाताचा दांडा माझ्या वडिलांना खुर्चीतून उठताना पाहून ठरवला आहे. कुणाचा हात न धरता उठता यावं, एवढीच अपेक्षा होती.”

मजकुराची प्रत सोबत पाठवते आहे, मोठ्या अक्षरांत छापून. आई, तू तो बाबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि जिथे अडखळशील किंवा कळणार नाही तिथे खूण कर. काही स्पर्धांत आर्किटेक्ट नसलेले परीक्षकही असतात, आणि तुला न कळलेलं त्यांनाही कळणार नाही.

बाबा, ते वाक्य मात्र तुमच्या परवानगीशिवाय जाणार नाही. तुमच्या गुडघ्यांची गोष्ट चार परक्या माणसांनी वाचावी, हे तुम्हाला नको वाटलं तर मला अजिबात वाईट वाटणार नाही. तिथे छताची वाक्यं परत घालीन, ती तयार आहेत. फक्त संकोचाने ‘तुला योग्य वाटेल ते कर’ असं म्हणू नका, हो किंवा नाही ते स्पष्ट सांगा. अपलोड बुधवारी करायचं आहे, तेव्हा सोमवारी रात्री फोन करते.

तुमची,
धाकटी