खरं जॅझ कुठलं?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या विश्रामबागच्या कट्ट्यावर रविवारी परत तोच वाद, एक मित्र म्हणतोय अमेरिकेचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्यानं इलेक्ट्रिक पियानो, गिटार घेतलं तिथंच जॅझ संपलं, खरं ते त्याच्याच १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधलं. मी म्हणलं, बाबा, त्या खऱ्या रेकॉर्डचीच गंमत ऐक. रेकॉर्डिंगच्या पहिल्या सेशनला टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळं एलपीची पहिली बाजू वाजवली की सुरात किंचित चढी लागायची, आणि १९९२ च्या सीडीत दुरुस्ती होईपर्यंत तीसेक वर्षं लोक तेच सूर खरे धरून बसले! (माझी जुनी एलपी तशीच आहे आणि मला तीच आवडते, काय करणार.) मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेचा घुमारा) लावणाऱ्याला हे सांगितलं तर हसेल, तारेखालचा दोरा केसभर सरकला तरी त्याला कळतंय.

तुमच्या पुरवणीत गाण्यावर भरपूर येतं, कधीतरी जॅझला पण अर्धं पान द्या की. इलेक्ट्रिकवाल्यांना जरा जास्त जागा द्या, मित्राला कापून नेऊन दाखवायचंय.

– एक वाचक, सांगली