आबांच्या पायाची जखम

प्रिय बंड्या,

उत्तर धाडलं नाही म्हणून रागावला असशील. रागाव, पण हे पुरं वाच. माझं बरं आहे, आईचे गुडघे तसेच.

आबांच्या तळपायात पऱ्हाटीचं खुट रुतलं. त्यांची साखर तुला ठाऊकच. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, जखम भरेना. पू तपासला तर एमआरएसए, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ जंतू. काल गेलो तर नातवानं गावतळ्यातलं शेवाळ फडक्यात घेऊन बांधलेलं. पट्टी सोडली. हिरवा थर वाळून कातडीला चिकटलेला, कडा लालबुंद, बोट टेकवलं की खालून पू. मी धुवायला घेतलं तर पोरगा म्हणतो, "काहून काढता जी काका? शेवाळानं जंतू मरते, मोबाईलवर वाचलं मी. तुमीच तं शिकवता ना कॉलेजात!"

बंड्या, त्याला खोटं कसं म्हणू? ताटलीत शेवाळाच्या अर्काच्या चकतीभोवती जंतू न उगवलेलं ते कडं आपण डोळ्यांनी पाहिलंय. लोणारचं ते पाणी, सामू दहाच्या आसपास, आणि त्यात मजेत वाढणारं निळं-हिरवं शेवाळ, स्पिरुलिना. चकतीभोवती स्टॅफ उगवलाच नाही म्हणून तू सगळ्या होस्टेलला चहा पाजलास, आणि दुसऱ्या दिवशी सरांनी अर्क काढायला वापरलेल्या नुसत्या मेथॅनॉलची ओली चकती ठेवली तर तिच्याभोवतीही तसंच कडं! त्या चहाचे निम्मे पैसे अजून मागतोस, मिळायचे नाहीत. पण चकत्या नीट वाळवून पुन्हा लावल्या तेव्हा कडं लहान झालं, तरी राहिलं. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर मात्र काही नाही. त्याचं बाहेरचं आवरण आडवं आलं. पाण्यातला अर्क की मेथॅनॉलचा, यावर आपण किती भांडलो! तुझंच बरोबर होतं. मारणारी ती शेवाळातल्या चरबीची आम्लं, मेदाम्लं, पाण्यात उतरतील कशाला?

पोराला हेच सांगायचं होतं. प्रॅट आणि मंडळींनी १९४४ साली क्लोरेला या शेवाळातून क्लोरेलिन हे जंतू मारणारं द्रव्य काढलं, पेनिसिलीन नुकतं रणांगणावर पोचलं होतं तेव्हा. पेनिसिलीनचं औषध झालं, क्लोरेलिनचं नाही. ताटलीतल्या आगरावर मेदाम्लं जंतूचं पटल फोडतात, पण जखमेत रक्त असतं, पू असतो, त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांना धरून बसतं. आणि आपण वाढवायचो ते एका जातीचं, धुतलेलं, वाळवलेलं. गावतळ्यात म्हशी बसतात. त्या हिरव्या सायीत मायक्रोसिस्टिस हे विषारी शेवाळ असलं तर त्याचं विष यकृतावर जातं, आणि एरोमोनास हा पाण्यातला जंतू तर अशा उघड्या जखमेचीच वाट पाहत असतो.

सांगितलं सगळं. पोरगा ऐकत होता, आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. मग हळूच म्हणाले, "गोयीनं होत नाई, शेवायानं होत नाई, मंग पाय कापाचा का?" मी गप्प. आशा खोटी नाही रे, कुठेतरी कुणाच्या तरी ताटलीत ते कडं आजही दिसत असेल. पण आबांचा पाय त्याची वाट पाहू शकत नाही, आणि हे त्यांच्या तोंडावर बोलायला माझी जीभ रेटत नाही. रात्रभर झोप नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचा बारावीचा निकाल चांगला लागला म्हणे, शाब्बास सांग तिला. वहिनींना नमस्कार.

आता काम. कल्चर रिपोर्टमध्ये कोणती औषधं अजून लागू पडतात ते लिहिलेलं आहे, फोटो पाठवतो. नागपुरात पायाच्या जखमा बघणारा तुझा तो मेहुणा डॉक्टर, त्याला दाखव. गाडीची सोय मी करतो. पण आबा माझ्या सांगण्यानं घरातून निघायचे नाहीत. तुझं ऐकतात, लहानपणापासून तूच लाडका, आणि याचा मला तेव्हा फार राग यायचा. पत्र मिळाल्या मिळाल्या त्यांना फोन कर. सकाळी लाव, दुपारी ग्लानीत असतात.

तुझा,
दिन्या