चिकित्सक विचारासाठी नवी पुस्तिका नको, बाजारभावाचे कात्रण पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये चिकित्सक विचारावर भर आहे, म्हणून माध्यमिक शाळांत त्यासाठी वेगळा विषय आणि वेगळी पुस्तिका हवी, अशी मागणी होते. ही दिशा चुकीची आहे. विषयाची माहिती नसताना नुसते ‘प्रश्न विचारा’ म्हटले, तर मुले ‘कशावरून?’ म्हणायला शिकतात. पण मिळालेले उत्तर पारखायचे कसे, हे त्यांना कळत नाही. पारखण्याजोगे साहित्य चालू अभ्यासक्रमातच भरपूर आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना लासलगावच्या कांदा बाजाराच्या बातमीचे कात्रण द्यावे. समजा, मथळा आहे ‘कांदा 2,400 रुपये क्विंटल’ आणि त्याच दिवशीच्या बाजारभावात किमान 700, कमाल 2,400, सर्वसाधारण 1,250 असे आकडे आहेत. बरीच मुले 700 आणि 2,400 ची सरासरी काढून 1,550 सांगतात. मग 1,250 आले कुठून? बहुतेक माल ज्या दराच्या आसपास जातो, तो सर्वसाधारण दर. दहावीच्या सांख्यिकीत शिकवला जाणारा बहुलक तो हाच. सूत्र तोंडपाठ असलेल्या मुलांनाही तो इथे ओळखू येत नाही, कारण त्यांनी तो वर्गांतरांच्या तक्त्याबाहेर पाहिलेलाच नसतो. पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा: 2,400 ने किती क्विंटल गेला? मथळ्यात ते नाही. एखादीच ट्रॉलीही असेल. मथळा खोटा नाही, तरी ‘शेतकऱ्यांना किलोमागे 24 रुपये मिळाले’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

ही नजर एका विषयातून दुसऱ्या विषयात आपोआप जात नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात खासगी क्लासच्या फलकावरची ‘आमचे 40 विद्यार्थी 90 टक्क्यांच्या वर’ अशी ओळ द्यावी आणि ‘किती जणांपैकी?’ हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत थांबावे.

आठवड्याला 35 मिनिटांची एक तासिका पुरते. पहिली 5 मिनिटे पूर्ण शांतता: हे मान्य करण्याआधी आणखी काय कळायला हवे, याचे दोन प्रश्न प्रत्येकाने वहीत लिहायचे. ही पायरी गाळली की पुढच्या बाकावरची चार मुले बोलतात आणि बाकीचा वर्ग त्यांच्यामागे जातो. नंतर 10 मिनिटे चौघाचौघांच्या गटात दिलेली माहिती, काढलेला अंदाज आणि गाळलेली माहिती वेगळी करायची. 12 मिनिटे फळ्यावर चर्चा. उरलेल्या 8 मिनिटांत प्रत्येकाने लिहायचे: आधी काय वाटत होते, आता काय वाटते, कशामुळे. मत बदलले नाही तरी चालेल, कारण मात्र हवेच.

फसते ते बहुधा शिक्षकांकडूनच. शिक्षकाने आपले मत सुरुवातीला सांगितले की पन्नास वह्यांत तेच उतरते. चर्चेची वादविवाद स्पर्धा झाली, तर मुले बाजू राखतात, पुरावा पाहत नाहीत. जात, धर्म, पक्ष असे विषय पहिल्याच महिन्यात घेतले, तर मुलाला घरच्यांचा बचाव करणे भाग पडते. आधी दर, जाहिराती, औषधी गुणांचे दावे हाताळावेत. सर्वात घातक चूक म्हणजे दर वेळी खोटाच दावा आणणे. त्यातून ‘सगळेच खोटे असते’ एवढाच धडा मुले घेतात आणि लसीकरणाच्या खऱ्या माहितीवरही अविश्वास दाखवतात. पाचातले किमान दोन दावे पूर्ण खरे असावेत, आणि ते खरे का मानायचे, यावर तेवढाच वेळ द्यावा.

गुण द्यायचेच असतील, तर भाषेच्या 20 गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनातले 5 द्यावेत: प्रश्नांना 2, पुराव्याला 2, विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडल्याबद्दल 1. मताला शून्य. लेखी परीक्षेत ठरावीक प्रश्न आणू नयेत, नाहीतर वर्षभरात गाईडमध्ये त्यांची तयार उत्तरे छापून येतील.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. कांद्याची बातमी देताना मथळ्यात कमाल दर असला, तरी खाली आवक, किमान आणि सर्वसाधारण दर त्याच चौकटीत छापावेत. ते कात्रण दुसऱ्या दिवशी थेट वर्गात वापरता येईल.

आपले,
माध्यमिक शिक्षक, नाशिक रोड