वाचनालयाच्या भिंतीसाठी हातभार हवा

सस्नेह नमस्कार,

दरवर्षी 21 फेब्रुवारीला, मातृभाषा दिनी, डहाणू तालुक्यातलं आपलं छोटं वाचनालय एका भाषेचं प्रदर्शन भरवतं. यंदा भिंतीवर क्विकातेक असेल. मेक्सिकोतल्या वाहाका राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरांत सुमारे 13 हजार लोक ती बोलतात.

"इतक्या लांबची कशाला?" हे बैठकीत विचारलं गेलंच. उत्तर आपल्या वाडीत आहे. क्विकातेक लोकांच्या भागातल्या क्विकात्लान या गावच्या बागांत आंबाही पिकतो आणि चिकूही. आंबा आपल्या बाजूने तिकडे गेला, चिकू तिकडून इकडे आला, आणि चिकू हे नावही मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून आलेलं. क्विकात्लान हाही नाहुआत्ल शब्द : गाण्याचा गाव. नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं, पण शोभतं. आपण प्रश्न विचारताना आवाज चढवतो. क्विकातेकमध्ये आवाज चढला-उतरला की शब्दच बदलतो.

दुसरं कारण सांगायला जरा अवघड आहे. मागच्या उन्हाळ्यात गोष्टींच्या तासाला एक मुलगा वारलीत बोलू लागला, तर त्याच्या बहिणीने हळूच चिमटा काढला, "इथे नाय तसं बोलायचं." कोणी शिकवलं तिला? मेक्सिकोतल्या शाळांनी कित्येक दशकं हेच शिकवलं, वर्गात फक्त स्पॅनिश. आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा देणारा कायदा 2003 साली आला, तोवर बऱ्याच घरांत आईबाप मुलांशी स्पॅनिशच बोलू लागले होते. क्विकातेकांची जुनी चित्रपोथीसुद्धा आज ओळखली जाते ती पोर्फिरिओ दीआझ या राष्ट्राध्यक्षाच्या नावाने!

तर मदत अशी हवी. बारा फलकांची छपाई आणि लाकडी चौकटी मिळून 14,500 रुपये लागतील. 6,000 जमले आहेत. स्पॅनिश वाचता येणारं कोणी ओळखीचं असेल तर चार-पाच संध्याकाळी हवेत, कारण माहिती बरीचशी त्याच भाषेत आहे. आणि प्रत्येक फलकाखाली तेच शब्द वारलीत लिहायचे आहेत, त्यासाठी पाड्यांवरच्या आज्यांनी यावं. रिक्षाभाडं वाचनालय देईल, चहा आहेच.

पैसे मेक्सिकोला जाणार नाहीत, सगळे इथेच खर्च होतील. पावती मिळेल, हिशोब सूचनाफलकावर लावू. संध्याकाळी 5 ते 8 ग्रंथपालांच्या टेबलाशी या. रविवारी बंद.

आपली,
वाचनालय कार्यकारिणी