‘प्राण्यांची घरे’ पुळणीवर शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बालवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत ‘प्राणी व त्यांची घरे’ हा तक्ता अजूनही टांगलेला दिसतो. सिंहाची गुहा, पक्ष्याचं घरटं, मुंगीचं वारूळ. मुलांच्या जोड्या पाठ होतात आणि त्यांतल्या चुकाही पाठ होतात. गीरचा सिंह झुडपी जंगलात राहतो. घरटं अंडी-पिल्लांपुरतं असतं. वारूळ तर मुळात वाळवी बांधते. समुद्री कासवाची जोडी मग कशाशी लावायची? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मादी फक्त अंडी घालायला येते, एरवी तिचा मुक्काम समुद्रातच. म्हणून ‘घर कुठलं’ यापेक्षा ‘इथे याला खायला काय मिळतं, हा लपतो कुठे, पिल्लं कुठे होतात’ हे तीन प्रश्न मुलांना द्यावेत. ते विचारायला कोकणातल्या शाळेला किनारा हाकेवर आहे.

सहल फसते ती बहुतेक वेळा वेळेमुळे. सोयीचा शनिवार धरून मुलांना नेलं की नेमकी भरती! जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. दक्षिणेकडे, मालवणच्या बाजूला, भरती थोडी आधी येते. शाळेच्या वेळेला चतुर्थी-पंचमी उत्तम. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, आणि भांगाचं (कमी चढ-उताराच्या भरतीचं) पाणी फारसं उतरतही नाही. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरावं, पाणी वळलं की परतावं. पावसाळ्यात मुळीच नेऊ नये.

चार-पाच मुलांच्या गटाला चार मीटर सुतळी आणि चार काटक्या द्याव्यात. मीटरभराचा चौकोन आखून वीस मिनिटं तेवढंच पाहायचं. ओल्या वाळूत बारीक भोकाभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसते. एवढासा खेकडा वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतो. मुलं पाय आपटत आली की तो आत जातो आणि बाई म्हणतात, ‘इथे काहीच नाही.’ दोन-तीन हातांवर पाच मिनिटं न हलता बसलं की बाहेर येतो. पुढच्या भरतीत गोळ्या पुसल्या जातात. उद्या त्या कुठे गेल्या असतील, हे मुलांनाच विचारावं. सहा वर्षांच्या मुलाला भरती-ओहोटी एवढ्याने कळते.

खाडीच्या काठी निवटी दाखवावी. मासा असून ती चिखलावर उड्या मारते, कारण कल्ल्यांपाशी पाणी धरून आणि ओल्या त्वचेतून ती श्वास घेते. तिला बाटलीत भरून वर्गात आणणं म्हणजे तिचा जीव घेणं. रिकामे शंखही गोळा करू देऊ नयेत. शंखात राहणारा खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो, आणि तो त्याला किनाऱ्यावरच शोधावा लागतो. खडपांतला दगड उलटला तर होता तसाच हलक्या हाताने परत ठेवावा, नाहीतर खालची जित्राबं उन्हाने वाळतात. दगडाखाली हात घालणं मात्र मोठ्यांनीही टाळावं. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळवे चिरतात, म्हणून पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवीच.

एका वेळी चाळीस मुलं नेऊ नयेत. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि त्यातलं एक तरी रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) किंवा तिसऱ्या (शिंपले) काढायला जाणारं असावं. पाणी कधी वळतं, चिखल कुठे रुततो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

आपल्याला एक विनंती आहे. हवामानाच्या चौकटीत अलिबाग, रत्नागिरी आणि मालवणच्या ओहोटीच्या वेळा रोज ठळक छापाव्यात. वर्गातल्या फळ्यावर तारखेखाली त्या लिहिता येतील.

आपला,
एक वाचक, दापोली